मेंदूत वाघाचे डोळे!

दोस्तांनो, वाघ बघायला राणीच्या बागेत तुम्ही गेला असालच. पण एमआरआयच्या काळ्या फिल्मवरही वाघाचे डोळे दिसू शकतात, ठाऊक आहे?

एमआरआयच्या यंत्रात क्ष-किरण नसतात. असतो एक जबरदस्त चुंबक! आपल्या शरीरातल्या पाण्यात हायड्रोजनचे अणू असतात. लेझीम पथकासारखे ते एका तालात येतात आणि त्यांच्याकडून येणाऱ्या संदेशांवरून चित्र उमटते. जिथे लोह जास्त, तिथे ताल लवकर बिघडतो, संदेश विझतो. तो भाग काळा दिसतो. (मग चुंबक ते लोह खेचून घेत नाही का? छे! ते काही खिळ्यासारखे नसते. फार थोडे, पेशींमध्ये बांधलेले असते.)

मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक 'ग्लोबस पॅलिडस' असतो. म्हणजे फिकट गोळा. हालचालींवर लगाम ठेवणारा. 'पीकॅन' नावाच्या आनुवंशिक आजारात नेमके इथेच लोह साचते. फिकट गोळा काळा पडतो, आणि मधोमध, जिथे पेशींची हानी झालेली असते, तिथे पांढरा ठिपका दिसतो. हुबेहूब वाघाचे डोळे! १९८८ मध्ये डॉक्टरांनी या खुणेला हेच नाव दिले.

आजार मात्र गमतीचा नाही. लहान वयातच मूल सारखे धडपडते, पाय ताठतात, बोलणे अडखळते. "वेंधळाच आहे!" म्हणून सगळे हसतात. त्याची बिचाऱ्याची काय चूक? आई-बाबाही ठणठणीत असतात. पण दोघांकडून एकाच जनुकाची बिघडलेली प्रत आली, की आजार होतो. तसे होण्याची शक्यता प्रत्येक मुलामागे चारांत एक.

२००१ मध्ये हे जनुक सापडले : 'पॅन्क-२'. ब-५ जीवनसत्त्व कामाला लावणारे एक विकर ते बनवते. २०१० मध्ये मुंबईच्या डॉ. अन्नू अगरवाल, डॉ. मोहित भट्ट आणि लंडनच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय उपखंडातल्या अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींच्या पॅन्क-२ मध्ये आधी कुठे न दिसलेले बदल सापडले. काहींच्या मेंदूत लोह होते, पण कारण कळलेच नाही.

मग लोहच काढून टाकले तर? तेही करून पाहिले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधाने मेंदूतले लोह खरोखर कमी झाले. पण आजार काही थांबला नाही. म्हणजे लोह हाच खरा चोर, की चोरीनंतर उरलेल्या पावलांच्या खुणा? शोध चालू आहे.