फाटकाचा राखणदार फाटकाबाहेरच

काही वर्षांपूर्वी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना घेऊन एका औद्योगिक वसाहतीतील कारखाना पाहावयास गेलो होतो. फाटकावरील सुरक्षा रक्षकाने प्राचार्यांचे पत्र वाचले, आतल्या कचेरीत दूरध्वनी करून खातरजमा केली, सर्वांची नावे वहीत उतरवली आणि ४२ बिल्ले मोजून दिले. परतताना बिल्ले भरले ४१. बस सुरू झालेली, कारखान्याचा अधिकारी ‘जाऊ द्या’ म्हणतो आहे. परंतु रक्षक काही फाटक उघडीना. दहा मिनिटांनी आमचा एक विद्यार्थी आतून धावत आला. तो मागे राहिल्याचे आम्हा अध्यापकांच्याही ध्यानात आले नव्हते. आभार मानताना मी त्या रक्षकास विचारले, “आपण या कारखान्यात किती वर्षे आहात?” तो म्हणाला, “मी कारखान्याचा नाही, सर. एजन्सीचा. उद्या दुसऱ्या गेटवर पाठवतील.”

फाटक म्हणजे केवळ लोखंडी अडसर नव्हे. आलेला माणूस कोण, त्याला कोणी बोलावले, तो किती वाजता आत गेला आणि बाहेर पडला की नाही, याचा तो हिशेब आहे. मालमोटारीचे वजन येताना आणि जाताना होते. सहीच्या पासाखेरीज माल बाहेर जाऊ नये, असा दंडक असतो. आग लागली तर आत किती जण अडकले, हे याच वहीवरून कळावयाचे. कंत्राटी मजुराला अपघात झाला आणि ‘हा आमचा नव्हेच’ असे कंत्राटदाराने म्हटले, तर त्या दिवशीची फाटकावरील नोंद हा मजुराच्या बाजूचा एक पुरावा ठरू शकतो.

फाटकाच्या सत्तेचा अनुभव मुंबईच्या गिरणगावाने पुरेपूर घेतला आहे. बदली कामगार सकाळी गिरणीच्या दारात उभे राहत आणि जॉबर ज्याला निवडी, त्याला त्या दिवसाची रोजी मिळे. १९३५ मध्ये बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू झाली, तिचा एक हेतू या मनमानीला आळा घालणे हा होता. प्रवेश जेथे व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून असतो, तेथे लाच आणि लाचारी यांना मोकळे रान मिळते.

फाटकाकडे निव्वळ संशयाने पाहिले, तर काय होते याचेही उदाहरण इतिहासात आहे. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी आग लागली, तेव्हा एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. घरी जाणाऱ्या मुलींनी एकाच वाटेने जावे आणि त्यांच्या पिशव्या तपासता याव्यात, म्हणून तेथे दार बंद ठेवण्याची रीत होती. १४६ जीव गेले. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात आतून तत्काळ उघडता येणार नाही असे कुलूप बाहेर पडण्याच्या दारास लावण्यास मनाई करण्यात आली, ती अशा संकटांचा विचार करूनच.

तात्पर्य, फाटक चालावे ते नियमाने. पण नियम पाळून घेणाऱ्याला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. एजन्सीचा रक्षक बहुधा सर्वांत कमी दराच्या निविदेवर आलेला असतो, आणि कारखान्यातून एक दूरध्वनी गेला की त्याची बदली होते. मग तो सायकल अडवतो आणि मोटारीला सलाम करतो, यात नवल ते काय? दोष त्याच्या स्वभावाचा नव्हे, त्याच्या स्थितीचा आहे.

महाराष्ट्राने १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा केला. मालक आणि रक्षक यांचे समसमान प्रतिनिधी असलेले मंडळ रक्षकांची नोंदणी करील, आस्थापनेकडून पैसे घेऊन वेतन देईल, अशी ती योजना. तीत मध्यस्थाला स्थान नव्हते. परंतु त्याच कायद्यात सूट देण्याचीही तरतूद होती आणि तिच्या आधारे एजन्सीचा मार्ग मोकळा राहिला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने एजन्सींना परवाना आणि रक्षकांना प्रशिक्षण आवश्यक केले. २००६ च्या आदर्श नियमांत वर्गातील १०० आणि प्रत्यक्ष कामाचे ६० तास सांगितले. हे योग्यच झाले. तथापि, ज्याची नोकरी दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याला १६० तास शिकवूनही ताठ कणा देता येत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. प्रवेशाचा नियम लेखी असावा आणि तो व्यवस्थापकालाही लागू असावा. नियमाप्रमाणे वागल्याबद्दल कोणाही रक्षकाची बदली होऊ नये. आणि आपणही, ओळखपत्र मागितले गेले की ‘मला ओळखत नाहीस?’ असा प्रश्न न करता ते दाखवावे. त्या दिवशी अधिकाऱ्याचे न ऐकणारा तो रक्षक दुसऱ्या दिवशी त्याच फाटकावर होता की नाही, हे मला ठाऊक नाही. तो तेथे असावा अशी व्यवस्था करणे, एवढाच या प्रश्नाचा गाभा आहे.