फुकटच्या सॉफ्टवेअरलाही माणूस लागतो

दौंड जंक्शनातून गाडी सुटते तेव्हा सगळ्यांचे लक्ष इंजिनाकडे असते. उन्हातान्हात रूळ तपासणाऱ्या ट्रॅकमनकडे कुणी पाहत नाही. ग्रंथालयांतील मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचेही असेच आहे. मुक्तस्रोत म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही पाहता, बदलता आणि इतरांना देता येतो असे सॉफ्टवेअर. ते फुकट मिळते एवढेच आपल्या लक्षात राहते. ते चालते ठेवणारा माणूस विसरला जातो.

‘कोहा’चे उदाहरण घ्या. १९९९मध्ये न्यूझीलंडमधील होरोफेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयांपुढे पेच होता. जुनी संगणकप्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. त्यांनी स्वतःसाठी नवी प्रणाली लिहून घेतली, जानेवारी २०००मध्ये ती सुरू केली आणि जगाला देऊन टाकली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. आज अनेक देशांतील ग्रंथालये पुस्तकांच्या नोंदी, देवघेव आणि शोध यांसाठी ती वापरतात. आपल्याकडे देशभरातील पीएच.डी.चे प्रबंध साठवणारी ‘शोधगंगा’ही ‘डीस्पेस’ या मुक्तस्रोत प्रणालीवरच उभी आहे.

भेट फुकट असली, तरी तिचा सांभाळ फुकट होत नाही. ‘कोहा’ची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, दुरुस्त्या त्याहून वरचेवर येतात. त्या कुणीतरी बसवाव्या लागतात. वीज गेल्यावर सर्व्हर सावरावा लागतो, रोजचा बॅकअप पाहावा लागतो. मराठी पुस्तकांचे दुखणे आणखी वेगळे. नोंद रोमन लिपीत केली असेल किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल, तर विद्यार्थ्याने ‘दुग्धव्यवसाय’ असे देवनागरीत टाइप केल्यावर कपाटात असलेले पुस्तकही सापडत नाही. अशा हजारो नोंदी कुणीतरी हाताने सुधारायच्या असतात.

शिरूर-दौंडसारख्या तालुक्याच्या गावी हे काम ग्रंथपालाच्या किंवा संगणक विभागातल्या एखाद्या हौशी शिक्षकाच्या गळ्यात पडते. त्याच्या कामाच्या तासांत ते धरले जात नाही. तो निवृत्त झाला, की सर्व्हरची सारी माहिती त्याच्याबरोबर निघून जाते.

एकट्या माणसावर सगळे सोपवण्याचा धोका मार्च २०२४मध्ये जगाने पाहिला. ‘एक्सझेड’ हे असंख्य लिनक्स संगणकांवरचे छोटे साधन अनेक वर्षे मुख्यतः एक स्वयंसेवक सांभाळत होता. आपल्या मानसिक आरोग्याच्या तक्रारीबद्दल त्याने आधीच उघडपणे लिहिले होते. मदतीच्या बहाण्याने आलेल्या कुणीतरी त्याचा विश्वास मिळवला आणि त्या साधनात चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे एका अभियंत्याने खोदून पाहिले म्हणून तो सापडला. माणसाचा थकवा हीसुद्धा सुरक्षेतली फटच असते.

यावर काही जण म्हणतील, मग विकतचेच सॉफ्टवेअर घ्या. पण तिथे दरवर्षी पैसे मोजावे लागतात आणि कंपनी बदलायची म्हटले, तर आपल्याच नोंदी सोडवून घेताना नाकी नऊ येऊ शकतात. मुक्तस्रोत हाच शहाणपणाचा मार्ग आहे. फक्त परवान्याचे वाचलेले पैसे माणसावर खर्च करायला हवेत.

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. प्रत्येक महाविद्यालयाला स्वतंत्र तंत्रज्ञ परवडणार नाही. दोन तालुक्यांतील महाविद्यालयांना मिळून एक नक्की परवडेल. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाने अशा तंत्रज्ञांना प्रशिक्षण द्यावे आणि अडल्यावेळी आधार द्यावा. त्यांचा पगार अंदाजपत्रकात लिहिलेला असावा, कुणाच्या चांगुलपणावर सोडलेला नसावा.

तोवर प्राचार्यांनी आपल्या ग्रंथालयात एकच प्रश्न विचारावा: बॅकअपमधून सगळ्या नोंदी परत आणून शेवटच्या कधी पाहिल्या होत्या? उत्तर मिळाले नाही, तर नव्या संगणकांची खरेदी थोडी थांबवून आधी माणूस नेमावा.