कुरणांत सबसॉयलर : आधीं खड्डा, मग फाळ

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या हिवरखेडासारख्या गांवीं कुरणाचा प्रश्न दर उन्हाळ्यांत डोळ्यांपुढें उभा राहतो. गुरांच्या खुरांनीं जमीन दडपते, मृगाचें पाणी मुरण्याऐवजीं नाल्यास लागतें, आणि मारवेल, पवना हीं चांगलीं गवतें जाऊन कुसळी तेवढी उरते. यावर उपाय म्हणून सबसॉयलर नांगर सुचविला जातो. तो माती न उलथतां दीड-दोन फूट खोल चिरीत जातो. वरचें गवत बहुतांशीं शाबूत राहून खालचा कठीण थर फुटतो. हा गुण आम्हांस मान्य आहे. परंतु तो सरसकट चालवावा, या मतास आम्ही अनुकूल नाहीं.

खुरांनीं बसलेली जमीन बहुधा वरच्या चार-सहा इंचांतच कठीण होते. तिला दोन फुटांचा फाळ लावणें म्हणजे डिझेल व्यर्थ जाळणें होय. भारी काळी जमीन उन्हाळ्यांत आपण होऊनच भेगाळते. पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांत तर सोडियममुळें फोडलेली माती पावसांत पुन्हा मिटते; तेथें जिप्समावांचून हा खर्च टिकत नाहीं.

म्हणून आधीं कुदळीनें दोन फूट खड्डा खणावा व गवताच्या मुळ्या कोठें आडव्या वळतात तें पाहावें. तेथेंच कठीण थर समजावा, आणि फाळ त्याच्या किंचित् खालीं धरावा. जमीन कोरडी असावी. ओल्या मातींत फाळ फोडीत नाहीं, लिंपतो. तास उतारास आडवे घ्यावे. ऑस्ट्रेलियांत यिओमन्स यांनीं १९५० च्या दशकांत कुरणें याच जातीच्या नांगरानें सुधारलीं. तेही एकदम खोल न जातां दरसाल थोडथोडी खोली वाढवीत.

यापुढील गोष्ट नांगराहून कठीण आहे. फाळ फिरल्यावर गवताचें बीं पडेपर्यंत चराई बंद न ठेवल्यास तींच खुरें तीच जमीन पुन्हा दडपतील. पण ई-क्लासची चराई बंद झाली, तर ज्याला स्वतःचें वावर नाहीं त्यानें आपली गाय कोठें न्यावी? आमचे मतें कुरणाचा तिसरा हिस्सा पाळीपाळीनें राखावा, आणि तेवढ्या पावसाळ्यापुरतें आपण जमीनधारकांनीं आपल्या धुऱ्यावरचें गवत त्यास कापूं द्यावें. हें करण्याची तयारी नसेल, तर सबसॉयलर भाड्यानें आणण्याची घाई करूं नये.