पणजोबाचा पत्ता कोणत्या दप्तरात?



गेल्या वर्षी नातवाच्या जात पडताळणीसाठी जुने कागद हवे होते. इतर मागासवर्गातल्या माणसाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५० आणि भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१. घरात बारावी झालेले पोर असले की या तारखा पोळ्याच्या तिथीसारख्या पाठ होतात. माझे काम आजाच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरावर भागले. आजाचे नाव, त्याच्या बापाचे नाव, जात कोहळी, धंदा काश्तकारी. एक ओळ. कागद मिळाला, प्रकरण मिटले.

पण त्या ओळीतला "बाप" माझ्या डोक्यातून जाईना. तो माझा पणजोबा. आमच्या घरी त्याच्या गोष्टी पुष्कळ. तो दोन गावांचा मालगुजार होता, गुळाच्या हंगामात त्याची तीन चुलाणे एकाच वेळी पेटत, त्याने बोडी बांधली, असे आजी सांगे. तो जन्मला केव्हा, मेला केव्हा, बायको कोणत्या गावची, हे मात्र कोणालाच सांगता येईना. ऊस लावल्याची तारीख मला विचारा, मागच्या दहा वर्षांची सांगतो. पणजोबाची एक तारीख मला सांगता येत नव्हती. मनाला लागले. म्हणून शोधायला निघालो, आणि त्या शोधात जे कळले ते सभासदांपुढे ठेवतो, कारण त्यात काही गोष्टी आपल्या सर्वांच्या कामाच्या आहेत आणि एका बाबतीत माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्यांदा वाटले, जनगणना आहे की! इंग्रज दर दहा वर्षांनी माणसे मोजून गेला. मध्य प्रांतात तर १८६६ साली, म्हणजे सगळ्या देशाची एकत्र खानेसुमारी व्हायच्या आधीच मोजणी झाली होती. विलायतेत १८४१ पासूनच्या जनगणनेत कुटुंबातल्या माणसांची नावे सापडतात, शंभर वर्षे झाली की ते कागद लोकांना खुले होतात. तिथला शेतकरी आपला पणजा कोणत्या घरी राहत होता, किती लेकरे होती, गडी किती होते ते वाचू शकतो. आधीचे हवे असेल तर चर्चच्या वह्या आहेत, १५३८ पासून. बाप्तिस्मा, लग्न, दफन.

आपल्याकडे तसे नाही. मोजणीदाराने घरोघरी नावे लिहिली खरी, पण आकडे जमवून झाल्यावर ते कागद नष्ट केले गेले. राहिले ते आकडे. बायकांच्या बाबतीत तर घरच्यांनी हरकत घेतली तर नावाऐवजी नुसते "स्त्री" लिहावे अशी मुभाच मोजणीदाराला होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्याने माणसामाणसाची माहिती गुप्त ठरली, तिची नक्कल मिळत नाही, ती पुरावा म्हणूनही चालत नाही. १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून जी जनगणना ठरली आहे, तिच्यातलेही आपले नाव आपल्या नातवाला पाहता यायचे नाही. यात सरकारचा दोष काढण्यात अर्थ नाही. गुप्तता नसती तर खरी माहिती कोण सांगता? पण आपले नाव जनगणनेत आहे, तेव्हा ते कुठेतरी कायम राहील, या समजुतीत कोणी राहू नये.

आकड्यांचाही उपयोग आहे, नाही असे नाही. १८९१ साली भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ७ लाख ४२ हजारांवर होती. १९०१ साली ती ६ लाख ६३ हजार झाली. (तेव्हाच्या जिल्ह्यात आजचा गोंदियाही आला, तो १ मे १९९९ ला वेगळा झाला.) वाढायच्या ऐवजी दहा वर्षांत ऐंशी हजार माणूस कमी. मधे १८९६-९७ चा दुष्काळ आणि १८९९-१९०० चा, ज्याला आपले म्हातारे छप्पन्नचा म्हणत, संवत् १९५६ चा म्हणून. आजी म्हणे, "त्या साली महुआ आणि कंद खाऊन राहिले". मला ती गोष्ट वाटे. आकडा पाहिल्यावर गोष्ट वाटेनाशी झाली.

मग दुसरा मार्ग, मसणवटीचा. तोही आपल्याकडे बंद. आपल्यात कोणाला अग्नी, कोणाला माती. राख वैनगंगेत नाहीतर रामटेकला अंबाळ्यात. दगडावर नाव कोरण्याची रीत नाही. लहान लेकरू गेले की शेताच्या धुऱ्याकडे माती देतात आणि दोन पावसांत ती जागाही सापडत नाही.

परंतु मेल्याची नोंद मात्र आपल्याकडे होती, आणि ती ठेवणारा माणूस होता गावचा कोतवाल. आमच्या भागात बहुतेक महार समाजाचा. गावात जन्म झाला, मृत्यू झाला, की तो आपली बही घेऊन ठाण्यावर जाई आणि तिथे मुन्शी नोंद करी. बहुतेक कोतवालांना स्वतःला लिहिता येत नसे. सगळ्या गावाचे जगणे-मरणे त्यांनी डोक्यात ठेवून कोसकोस पायी नेले. आज कोहळ्याच्या, कुणब्याच्या, पोवाराच्या पोराचा दाखला ज्या "कोतवाल बुका"वर निघतो ते बुक या माणसांच्या पायांनी भरले आहे, हे पडताळणीच्या रांगेत उभे असताना जरा आठवावे.

मी तहसिलीत नकलेचा अर्ज केला. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला गठ्ठा निघाला. १९०० सालचे पान मधोमध वाळवीने खाल्लेले. कचेरीचे नाव घेत नाही, तिथल्या बाईंनी पुष्कळ मदत केली. छपराचे पाणी त्यांनी थोडेच सोडले होते. त्या पानावर एवढेच उरले होते: पणजोबाचे अर्धे नाव, "लडकी", वय १, आणि कारणाच्या रकान्यात "बुखार". आमच्या आजाला एक बहीण होती हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. सव्वाशे वर्षांनी ती मला भेटली, तीही नावाशिवाय.

१९१८ चे बुक शाबूत होते. त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांची पाने इतर वर्षांपेक्षा कितीतरी जास्त. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ. मध्य प्रांत-वऱ्हाड हा देशात सर्वात जास्त मार बसलेल्या प्रांतांपैकी एक. पानामागून पान "बुखार, बुखार". त्यात पणजोबा सापडला, वय अदमासे ५५. आणि चार दिवस आधीच्या ओळीत: "औरत", पुढे पणजोबाचे नाव, वय ५०. अमक्याची बायको. तिचे स्वतःचे नाव नाही. नवराबायको एका आठवड्यात गेली आणि मागे राहिलेला आजा वीस-एकवीस वर्षांचा. त्याने दिवाळी पुढे कधी केली नाही असे वडील सांगत, त्याचे कारण असे कळले.

आता मालगुजारीचे. जमिनीचा कागद हाच आपल्या भागातला खरा दस्तऐवज. लक्षात ठेवा, आपण १९५६ पर्यंत मध्य प्रांत आणि नंतर मध्य प्रदेशात होतो. तेव्हा पुण्या-साताऱ्याकडच्या लोकांनी सांगितलेल्या कागदांची नावे इथे चालत नाहीत. इथे "बंदोबस्त मिसल" मागावी, पी-१ खसरा, बी-१ खतौनी मागावी, वाजिब-उल-अर्ज मागावा. वाजिब-उल-अर्जात गावचे रिवाज आहेत, तलावाचे पाणी कोणी कसे घ्यायचे, पाळ कोणी दुरुस्त करायची. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, त्यानंतर भंडाऱ्याच्या बंदोबस्ताचा लॉरेन्स साहेबाचा अहवाल १८६७ चा. त्या बंदोबस्तात मालगुजाराला गावाची मालकी मिळाली आणि कसणारा त्याचा रयत झाला. ही रचना ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी खतम होईपर्यंत टिकली.

आमच्या गावाची पुढच्या बंदोबस्ताची मिसल निघाली. मालगुजाराचे नाव पहिल्या पानावर. ते पणजोबाचे नव्हते. पणजोबा पुढे, रयतांच्या यादीत: "मौरूसी". म्हणजे वहिवाटीचा हक्क असलेला कूळ. धानाच्या चार बांध्या आणि तलावाच्या पोटाशी ऊसवाडीचा एक तुकडा. दोन गावे, तीन चुलाणे, सगळे हवेत गेले.

घरी येऊन सांगितले तर थोरला भाऊ रागावला. म्हणाला, "कागद चुकीचा असेल, साहेबाला लाच दिली असेल कोणी." धाकट्या सुनेला हसू आवरेना. मला विचाराल तर मला आनंद झाला. मालगुजार असता तर त्याने बोडी बांधली याचा अर्थ त्याने बांधून घेतली. कूळ होता, म्हणजे खरेच त्याच्या हाताची माती त्या पाळीवर पडली असणार. कोहळ्यांना चांद्याच्या गोंड राजाने काशीकडून तलाव बांधण्यासाठी आणले अशी आख्यायिका रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात नोंदली आहे, आणि त्या जातीची ओळखही तिथे तलाव आणि ऊस अशीच दिली आहे. नवेगाव बांध, शिवनी बांध यांच्या पाळी आजही उभ्या आहेत. कारखान्याच्या सभेत कोणी कोणी बोलून जातात की भंडाऱ्याला ऊस कारखान्याने शिकवला. तसे नव्हे. कारखान्याने बाजार दिला, ऊस इथे आधीपासून होता. चरक, कढई आणि गूळ.

आता उसावरूनच एक गोष्ट सांगतो. १८३४ पासून पुढे कित्येक वर्षे आपल्या देशातून करारावर माणसे मॉरिशसला नेली, उसाच्या मळ्यांवर. त्यात कोकणातले, घाटावरचे मराठी लोकही होते. त्या प्रत्येक माणसाचा कागद तिथे आहे: नाव, बापाचे नाव, गाव, जात, वय, उंची, पुढच्या काळातल्यांचे तर फोटोसुद्धा. ते दप्तर मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपलेले आहे, आणि तिथल्या मराठी घराण्यातला नातू जाऊन आपल्या खापरपणजाचा चेहरा पाहू शकतो. हा कागद मळेवाल्याने प्रेमाने केला नाही, माणूस पळून जाऊ नये म्हणून केला. तरी तो राहिला. जो माणूस समुद्रापार बांधला गेला त्याचे नाव राहिले, आणि जो आपल्या बांधावर राहिला त्याच्या बायकोचे नाव गेले, हे मला फार विचित्र वाटते.

तेव्हा माझे मत असे. सरकारी दप्तराची वाट पाहू नये. आपल्या हातात एक दप्तर आहे ते आपण नीट भरत नाही. सहकारी कायद्याप्रमाणे प्रत्येक संस्थेला सभासदांची नोंदवही ठेवावी लागते, आय नमुन्यात. त्यात नाव, पत्ता, वय, शेअर, नामनिर्देशन. उसाच्या नोंदीत गट नंबर, जात, लागणीची तारीख, सगळे असते. अजून पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांना आपला पत्ता याच वह्यांत लागेल. पण कितीक सभासदांचे नामनिर्देशन कोरे आहे. सभासद वारला की वारस चार-चार वर्षे नोंद करत नाहीत. ऊस मेलेल्या बापाच्या नावाने येतो, बिल मेलेल्या बापाच्या खात्यात जाते आणि मग भांडणे. नोंद केली तरी मोठ्या मुलाची करतात. आई राहते, बहिणी राहतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आईचे नाव लावणे शासनाने बंधनकारक केले आहे. चांगले झाले. आपण कारखान्यात त्यासाठी आदेशाची वाट का पाहावी?

संचालक मंडळाला माझी विनंती आहे की वारस नोंदीच्या अर्जासोबत एक साधे पान जोडावे. मयत सभासदाची जन्म-मृत्यूची तारीख, आईचे नाव, बायकोचे माहेरच्या गावासह नाव, सगळ्या मुलामुलींची नावे, पहिला ऊस कोणत्या हंगामात घातला ते. काही सभासद म्हणतील, कारखान्याचा हा धंदा नव्हे, आधी पेमेंटचे बघा. पेमेंटचे बघायलाच पाहिजे, त्यावर मी वार्षिक सभेत बोलतोच. एका पानाने पेमेंट लांबत नाही.

आणि ज्यांच्याकडे पेटीत जुन्या सनदा, पावत्या, मोडीतले कागद आहेत त्यांनी या हंगामातच त्यांचे फोटो मोबाईलवर काढून घ्यावेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली तेव्हा मोडी वाचणारा माणूस मिळायला किती धावपळ झाली ते आपण पाहिले. मिसल पाहायला जाल तर भिंग बरोबर न्या, शाई फिकी असते. नक्कल मागताना गावाचे जुने नाव आणि बंदोबस्त नंबर लिहा, नाहीतर माझ्यासारख्या फेऱ्या होतील.

माझा शोध एका ठिकाणी अडला आहे. पणजीचे नाव मिळाले नाही. तिचे माहेर पवनीच्या बाजूचे, नदीकाठचे होते एवढेच आजीच्या बोलण्यात येई, आणि तिचा एक भाऊ गुळाच्या हंगामात आमच्याकडे कढईवर बसायला येत असे. तिकडच्या कोणा सभासदाच्या घरी अशी गोष्ट सांगत असतील, बहीण लाखनीकडे दिली होती आणि मानमोडीत नवऱ्यासकट गेली अशी, तर गट ऑफिसात निरोप ठेवावा. मी दर मंगळवारी तिथे असतो.

— एक ऊस उत्पादक सभासद