मुलाखतीत ‘डॉक्टर’ कोणाला म्हणायचे?

अमेरिकेत रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षणाच्या, जागा १९५२पासून ‘मॅच’ पद्धतीने भरल्या जातात. उमेदवार रुग्णालयांचा पसंतीक्रम देतो, रुग्णालये उमेदवारांचा, आणि दोन्ही याद्यांची जुळवणी होऊन मार्चमध्ये निकाल लागतो. रुग्णालयाची यादी ठरते त्यात मुलाखतीचा वाटा मोठा. आपल्याकडे नीट-पीजीचा क्रमांक आणि समुपदेशन यांवर जागा मिळते, मुलाखत नसतेच. त्यामुळे महाराष्ट्रातून एमबीबीएस होऊन तिकडे अर्ज करणाऱ्याला हा प्रकार नवा. तिथे एकाला ‘डॉक्टर कुलकर्णी’ आणि दुसरीला नुसतेच ‘ऋतुजा’ म्हटले गेले, तर ती किरकोळ बाब समजून सोडून देऊ नये. एकाच जागेसाठी आलेल्या सगळ्यांना एकाच रीतीने संबोधावे आणि ती रीत आधी ठरलेली असावी.

कारण नियम नसला की सवय बोलते, आणि सवय सगळ्यांशी सारखी वागत नाही. मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांनी २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वैद्यकीय व्याख्यानांआधी वक्त्यांची ओळख कशी करून दिली जाते, हे तपासले होते. ओळख करून देणारी स्त्री असली तर वक्ता कोणीही असो, ‘डॉक्टर’ जवळजवळ नेहमी लागे. पुरुष मात्र पुरुष वक्त्याला सुमारे ७२ टक्के वेळा आणि स्त्री वक्त्याला सुमारे ४९ टक्के वेळाच ती पदवी लावत. हा अभ्यास मुलाखतींचा नव्हे, हे खरे. पण तिथे वक्ते प्रस्थापित, श्रोते त्यांच्याच व्यवसायातले, तरीही एवढी तफावत. मुलाखतीत तर समोरच्याच्या हाती आपले भवितव्य असल्याने उमेदवार चुकीचा उच्चारसुद्धा दुरुस्त करायला कचरतो.

यावर म्हणतात, पहिल्या नावाने हाक मारण्यात आपुलकी असते, अमेरिकेची रीतच ती. असेल. पण परीक्षक स्वतःची ओळख ‘डॉक्टर अमुक’ अशी करून देतो आणि उमेदवाराला पहिल्या नावाने बोलावतो, तेव्हा आपुलकी कमी आणि पायरी दाखवणे जास्त होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुलाखतींच्या वेळी तिथले बहुतेक विद्यार्थी शेवटच्या वर्षात असतात, पदवी अजून हाती यायची असते. त्यांना ‘डॉक्टर’ कसे म्हणावे? मात्र भारतातून अर्ज करणारे पुष्कळजण इंटर्नशिप संपवून नोंदणीकृत डॉक्टर झालेले असतात. काटेकोरपणा पाळायचा तर त्याच दिवशी दोन वर्ग पडतील. त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी पहिली नावे तरी वापरावीत किंवा सगळ्यांनाच ‘डॉक्टर’ म्हणावे. माझा कौल दुसऱ्या पर्यायाला. रेसिडेन्सी सुरू होते तेव्हा ते सगळे डॉक्टरच असतात. काही महिने आधी तसे म्हटल्याने कोणा रुग्णाची फसवणूक होत नाही.

नावाचा आणि त्याच्या उच्चाराचा प्रश्न याला जोडूनच येतो. आपल्या पासपोर्टवर बहुधा वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव स्वतःच्या नावाला लागून छापलेले असते, त्यामुळे ‘ऋतुजा सुरेश’ हे एकच नाव असल्याचा समज होऊ शकतो. मुलाखतीचे वेळापत्रक कळवतानाच ‘तुम्हाला काय म्हणायचे आणि नाव कसे उच्चारायचे’ एवढे विचारायला रुग्णालयाला काही खर्च नाही. आणि तसे कोणी विचारले नाही, तर मराठी उमेदवारांनी पहिल्याच वाक्यात आपले नाव सावकाश, पदवीसह सांगावे.