बीपीच्या इंजेक्शनवर ठेवलंय, म्हणजे काय?

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेल्या माणसांना दिवसातून दोनदा एक वाक्य ऐकायला मिळते. 'पेशंटचं बीपी मेन्टेन होत नाही, इंजेक्शनवर ठेवलंय.' सांगणारा आत निघून जातो आणि दार लागते. बाहेर राहतात ते दवाखान्याची चिठ्ठी हातात धरलेले मुलगे, पदराने डोळे पुसणारी बहीण आणि गावाहून आलेले चार नातेवाईक. मग तर्क सुरू होतात. कुणी म्हणतो, आता काही खरे नाही. कुणी म्हणतो, पैशासाठी ठेवलाय. कुणी म्हणतो, कधीच गेलाय, नुसते मशीन चालू आहे. तासाभरात या तर्कांचा राग होतो. रागातून काच फुटते, आणि 2010 च्या कायद्यानुसार रुग्णालयात हिंसा करणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असल्यामुळे ज्याचा बाप आत झुंजत असतो तो मुलगा पोलीस कोठडीत जाऊन बसतो.

हे टाळता येण्यासारखे आहे. त्यासाठी ते इंजेक्शन काय आहे हे सरळ मराठीत कुणीतरी सांगायला हवे. इंग्रजीत रुग्णांसाठी अशा माहितीपत्रकांचा ढीग आहे. घाटीत, ससूनमध्ये, केईएममध्ये किंवा नागपूरच्या मेडिकलमध्ये जमिनीवर चादर अंथरून रात्र काढणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग? म्हणून आज या स्तंभात राजकारण बाजूला ठेवून ही माहिती देत आहोत. वाचकांनी हे कात्रण जपून ठेवले तरी चालेल.

या औषधाचे नाव बहुतेक वेळा नॉरअॅड्रिनॅलिन असते. केसपेपरवर 'नॉरअॅड' असे लिहिलेले दिसेल. हा पदार्थ परका नाही. आपल्या शरीरातल्या मज्जातंतूंच्या टोकांशी तो तयार होतो. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी तो ओळखला आणि 1970 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे हेच काम होते. त्याचे काम रक्तवाहिन्या आवळण्याचे. शेतातल्या पाइपाचे तोंड बोटाने दाबले की पाणी जोराने लांब जाते, तसे. अंगात जंतुसंसर्ग पसरला की रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त असूनही मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत जोराने पोहोचत नाही. लघवी कमी होते, माणूस बरळू लागतो. याला डॉक्टर 'शॉक' म्हणतात. विजेच्या शॉकशी त्याचा काही संबंध नाही, आणि मानसिक धक्क्याशीही नाही.

आता पाइपात पाणीच नसेल तर तोंड दाबून काय होणार? म्हणून सहसा आधी सलाईन दिले जाते, रक्तस्राव झाला असेल तर रक्त दिले जाते. जंतुसंसर्गाच्या शॉकसाठी 2021 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की पहिल्या तीन तासांत शरीराच्या दर किलो वजनामागे निदान 30 मिलिलिटर द्रव द्यावे, म्हणजे 50 किलोच्या माणसाला सुमारे दीड लिटर. अँटिबायोटिक तासाभरात सुरू करावे. बीपी वाढवण्याच्या औषधांत पहिली पसंती नॉरअॅड्रिनॅलिनला. पूर्वी डोपामिन फार वापरत. 2010 साली 1679 रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डोपामिन दिलेल्यांपैकी शंभरात 24 जणांच्या हृदयाचे ठोके बिघडले, नॉरअॅड्रिनॅलिन दिलेल्यांत शंभरात 12 जणांचे. तेव्हापासून डोपामिन मागे पडले.

मॉनिटरवर दोन आकडे दिसतात आणि त्यांच्याजवळ कंसात तिसरा. नातेवाईक वरच्या आकड्याकडे बघतात, डॉक्टर कंसातल्याकडे. तो सरासरी दाब. वरचा 90 आणि खालचा 50 असेल तर सरासरी साधारण 63 येते. हा आकडा 65 च्या वर ठेवणे हे पहिले लक्ष्य असते.

हे औषध आजार बरा करत नाही, हे नीट समजून घ्या. ते वेळ मिळवून देते. त्या वेळात अँटिबायोटिकने काम करायचे असते, पोटातला पू शस्त्रक्रियेने काढायचा असतो, वाहणारे रक्त थांबवायचे असते. म्हणून 'इंजेक्शनवर ठेवलंय' याचा अर्थ 'आशा संपली' असा नाही. अनेक रुग्ण दोन-तीन दिवसांत त्यातून बाहेर येऊन घरी जातात. पण उलट बाजूही सांगितली पाहिजे. डोस वाढत चालला आहे, सोबत व्हासोप्रेसिनसारखे दुसरे औषध लावले आहे, तरी दाब टिकत नाही, अशी अवस्था अतिशय गंभीर असते आणि ती नातेवाइकांना स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे. आणि ती 'मशीन चालू ठेवलंय' ही अफवा? हृदय थांबलेल्या देहात हे औषध रक्तदाब निर्माण करू शकत नाही. आवळायला रक्तवाहिन्या आहेत, पण रक्त ढकलणारे हृदयच नसेल तर दाब येणार कुठून?

तेव्हा डॉक्टर बाहेर आले की 'कसा आहे हो?' एवढेच विचारून थांबू नका. 'चांगला आहे' किंवा 'सिरीयस आहे' यापलीकडे उत्तर येणार नाही. विचारा, 'बीपीच्या इंजेक्शनचा डोस कालपेक्षा वाढला की कमी झाला? लघवी किती झाली?' या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळ काही सांगून जातात. औषध एका छोट्या पंपातून, तासाला इतके मिलिलिटर अशा हिशेबाने जाते. पंपावरचा आकडा बघून मनाने अर्थ लावू नका, कारण सिरिंजमध्ये औषध किती पातळ केले आहे त्यावर तो अवलंबून असतो. पंपाला हात तर मुळीच लावू नका. या औषधाचा परिणाम दोन-तीन मिनिटांत ओसरतो. नळी दबली, पंप बंद पडला, तर दाब तेवढ्याच वेगाने कोसळतो. म्हणूनच रुग्ण सुधारला तरी ते एकदम बंद करत नाहीत, हळूहळू उतरवतात. 'बरा झालाय तर अजून का चालू ठेवलंय' ही शंका अनेकांना येते, तिचे उत्तर हे आहे.

भेटीच्या पाच मिनिटांत नातेवाइकाने काय बघावे? सुई किंवा नळी जिथे आहे ती जागा. औषध शिरेबाहेर झिरपले तर तिथली कातडी पांढरी, गार पडते, सुजते, आग होते. वेळीच लक्ष दिले नाही तर मांस मरते आणि मोठी जखम होते. तसे दिसले तर त्याच क्षणी सिस्टरला हाक मारा, भेटीची वेळ संपेपर्यंत थांबू नका. त्यावर फेन्टोलामिन नावाचा उतारा आहे, आणि तो लवकर दिला तरच उपयोगी. हा धोका टाळण्यासाठी औषध दीर्घकाळ द्यायचे असेल तर मानेतल्या किंवा छातीजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालतात. 'मानेला का भोसकलं' म्हणून भांडण करण्याआधी हे लक्षात घ्या. मात्र जीव वाचवण्याची घाई असेल तर हातातल्या शिरेतून सुरू करण्यात चूक नाही. नळीची वाट बघत औषध लांबवणे त्याहून वाईट.

बोटांकडेही बघा. रक्तवाहिन्या आवळल्या गेल्यामुळे हातापायांची बोटे गार, निळसर पडतात, क्वचित काळी पडतात. यात मूळ आजाराचाही भाग असतो, त्यामुळे प्रत्येक वेळी तो हलगर्जीपणा ठरत नाही. पण डॉक्टरांच्या नजरेस आणून देणे आपले काम. रुग्ण शुद्धीवर असेल आणि त्याचे डोके भयंकर दुखत असेल, छातीत धडधडत असेल, तर तेही सांगा.

आणि एक काम पहिल्याच दिवशी करा. घरात रुग्णाच्या ज्या ज्या गोळ्या आहेत त्या पिशवीत भरून दवाखान्यात न्या. बीपीच्या गोळ्या, झोपेच्या, नैराश्याच्या, दम्याच्या, वैदूने दिलेली पुडीसुद्धा. नैराश्यावरच्या काही औषधांसोबत नॉरअॅड्रिनॅलिनचा परिणाम प्रमाणाबाहेर वाढतो. काही कुप्यांत सल्फाइट असते आणि काही दमेकऱ्यांना ते सोसत नाही. दारूची सवय असेल तर लपवू नका. इथे लाज धरून कुणाचे भले होत नाही. घरी सोडताना, बीपीच्या जुन्या गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या हे कागदावर लिहून घ्या.

तालुक्याहून जिल्ह्याला रुग्ण हलवताना सर्वात जास्त धोका असतो. 108 च्या सेवेत 2014 पासून दोन प्रकारच्या गाड्या आहेत, साधी जीवरक्षक आणि प्रगत जीवरक्षक. बीपीच्या इंजेक्शनवरचा रुग्ण असेल तर प्रगत गाडीच मागा. पंपाची बॅटरी चार्ज आहे का, भरलेली दुसरी सिरिंज सोबत आहे का, पुढच्या रुग्णालयात बेड पक्का केला आहे का, हे निघण्याआधी विचारा. अर्ध्या वाटेवर सिरिंज संपली तर तिथे कुणी काही करू शकत नाही.

जाता जाता आपल्या वस्त्यांतल्या एका खुळाबद्दल. जरा चक्कर आली की 'बीपी लो झालंय' म्हणायचे आणि गल्लीतल्या डॉक्टरकडे ताकदीची बाटली लावून घ्यायची. अर्धा लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, चहाचा चमचाही भरत नाही. ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम एका चपातीची ताकद. दिवसभराची मजुरी त्यात जाते. सडपातळ बाईचा दाब 90/60 असणे हा बहुधा आजार नसतो. तिची चक्कर बऱ्याचदा रक्त कमी असल्याची असते, आणि हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. वर सांगितलेले इंजेक्शन या चकरेसाठी नाही आणि गल्लीतल्या दवाखान्यात ते द्यायचेही नसते.

हे सगळे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे का? आहे, आणि तो कुणाच्या मेहेरबानीचा नाही. कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली परमानंद कटारा प्रकरणात आणि 1996 साली पश्चिम बंगाल खेत मजदूर समितीच्या प्रकरणात तातडीचे उपचार नाकारता येणार नाहीत असे बजावले. दुसऱ्या प्रकरणातला माणूस रेल्वेतून पडलेला एक शेतमजूर होता आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले होते. 2008 साली समीरा कोहली प्रकरणात न्यायालयाने संमतीचा अर्थ स्पष्ट केला. उपचार काय, धोका काय, दुसरा पर्याय काय, हे समजावल्यावर दिलेली संमती तीच खरी. जीव वाचवण्याची घाई असेल तेव्हा डॉक्टर संमतीसाठी थांबणार नाहीत, आणि थांबूही नये. पण घाई ओसरल्यावर समजावून सांगायला काय हरकत आहे? इंग्रजीत छापलेल्या कागदावर फुली मारलेल्या जागी अंगठा घेणे याला संमती म्हणता येत नाही.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्रात 2021 च्या नियमांनी खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत उपचारांची कागदपत्रे द्यावी लागतात. अर्ज लेखी करा, पोच घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राची खिडकी असते, अनामत रक्कम भरण्याआधी तिथे जा.

डॉक्टरांची बाजू आम्हाला ठाऊक नाही असे नाही. सरकारी रुग्णालयात एक निवासी डॉक्टर छत्तीस-छत्तीस तास जागा असतो आणि एका सिस्टरकडे किती बेड असतात हे विचारायची सोय नाही. त्यांनी प्रत्येकाला अर्धा तास द्यावा असे कुणी म्हणत नाही. पण एक पानाचे मराठी पत्रक, मोठ्या अक्षरात, अतिदक्षता विभागाच्या दारावर चिकटवायला सरकारला किती खर्च येतो? ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते वाचून दाखवायला आपल्या समाजातल्या शेकडो परिचारिका आणि वैद्यकीय विद्यार्थी आहेत. समाजमंदिरात महिन्याला एक संध्याकाळ त्यांनी दिली तरी पुष्कळ काम होईल.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वात तातडीचा मुद्दा. बीपी वाढवण्याचे आणखी एक इंजेक्शन आहे, मेफेन्टरमिन. सिझेरियनच्या वेळी पाठीत भूल दिल्यावर बाईचा दाब एकदम उतरतो, तेव्हा भूलतज्ज्ञ ते देतात, आणि तिथे ते उपयोगी आहे. पण हीच कुपी आज जिममध्ये फिरते आहे. अंगात जोर येतो, थकवा कळत नाही, म्हणून व्यायाम करणारी आणि मैदानी चाचणीची तयारी करणारी पोरे ती स्वतःच टोचून घेतात. पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनाने राज्यात यावर धाडी टाकल्या आहेत, तरी विक्री थांबलेली नाही. हे औषध अॅम्फेटामिनच्या कुळातले आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत ते आहे, म्हणजे खेळाडू सापडला तर कारकीर्द संपली. त्याची सवय लागते, झोप उडते, संशय आणि भास सुरू होतात, दाब भलताच चढतो, ठोके बिघडतात आणि हृदय निकामी होऊ शकते. एकच सुई चौघांनी वापरली तर एचआयव्ही आणि काविळीचा धोका वेगळाच.

मुलाच्या खोलीत अशी कुपी सापडली तर मारहाण करू नका, त्याला बोलते करा आणि सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. इंजेक्शन घेतल्यावर छातीत दुखू लागले, डोके फुटल्यासारखे झाले किंवा शुद्ध हरपली, तर 108 ला फोन करा, कुपी खिशात टाका आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात खरे काय ते सांगा. मित्रांनी 'उन्हाने चक्कर आली' असे खोटे सांगितले, तर उपचार चुकीच्या दिशेला जातात.