नकाराचे पत्र आधी पूर्ण वाचा

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. त्यामुळे कोणी ना कोणी उर्दू निकाहनामा घेऊन घरी येतच असते. मुलीला परदेशी नवऱ्याकडे पाठवायचे असते आणि नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी जुळते की नाही, एवढे पाहून हवे असते. गेल्या वर्षी एक जुनी विद्यार्थिनी आली, तेव्हा तिच्या हातात निकाहनामा नव्हता, ब्रिटनच्या व्हिसा नकाराचे पत्र होते.

तिचा नवरा ब्रिटिश नागरिक. आजोबांच्या काळात कोकणातून गेलेले घराणे. निकाहला दीड वर्ष झालेले आणि मुलगी अजून माहेरीच. घरात तीन मते होती. सासरे म्हणत होते, अपील करू. मामू म्हणत होते, आधी व्हिजिट व्हिसावर जाऊ दे, मग तिथेच बदलून घेऊ. एजंट म्हणत होता, नवा अर्ज भरा, या वेळी पगाराचे कागद मी 'बरोबर' करून देतो. शेजारच्या खाला मात्र पोरीचा पायगुणच काढत होत्या.

मी विचारले, "पत्र वाचलंस का?"

"थोडं वाचलं, टीचर. अब्बा म्हणाले, नकार आहे, अजून काय वाचायचं?"

पत्र येऊन अकरा दिवस झाले होते. अर्जदार ब्रिटनबाहेर असेल तर अशा नकारावर अपील करायला 28 दिवस मिळतात. हे त्याच कागदपत्रांत लिहिलेले होते. कोणी तिथपर्यंत पोचलेच नव्हते.

आम्ही दोघींनी शब्दकोश घेऊन पत्र वाचले. कारण साधे होते. ब्रिटनमध्ये जोडीदाराला बोलावणाऱ्याचे उत्पन्न वर्षाला 29,000 पौंड लागते. 11 एप्रिल 2024 पूर्वी ही अट 18,600 होती. एकाच मालकाकडे सहा महिने नोकरी झाली असेल, तर सहा महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या आणि त्याच रकमा जमा झाल्याचे बँकेचे उतारे द्यावे लागतात. मुलाचा पगार पुरेसा होता, पण नोकरी बदलून चारच महिने झाले होते. आधीची नोकरी कमी पगाराची, म्हणून बारा महिन्यांचा हिशेबही जुळत नव्हता. म्हणजे पायगुणाचा काही संबंध नव्हता. घाई नडली होती.

माझे मत असे की नकारानंतर कोणता रस्ता धरायचा हे घरातल्या मोठ्या आवाजाने ठरवू नये, पत्रातल्या कारणाने ठरवावे. कागद कमी पडला असेल आणि आता तो मिळत असेल, तर नवा अर्ज बरा. फी पुन्हा भरावी लागते, ती मोठी आहे. पण नकार मिळालेल्या अर्जातला आरोग्य अधिभार परत मिळतो, आणि अपिलात जाणारे महिने वाचतात. कागद पूर्ण असताना अधिकाऱ्याने चूक केली असेल, किंवा लहान मूल आईबापांपैकी एकापासून तुटत असेल, तर अपील करावे. तिथे मुद्दा कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा असतो, आणि त्यासाठी चांगला वकील हवा.

मामूंचा रस्ता मात्र रस्ताच नाही. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याला तिथे राहून जोडीदाराचा व्हिसा घेता येत नाही, अपवाद फार थोडे. शिवाय नवरा तिथे आणि नुकताच नकार, मग ही बाई परत येईल यावर अधिकारी कसा विश्वास ठेवणार? एजंटचा रस्ता त्याहून वाईट. खोटा कागद पकडला गेला तर दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकते. आधीचा नकार लपवणेही त्यातच मोडते.

हा कायदा मला न्याय्य वाटतो असे नाही. 2017 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाची अट तत्त्वतः कायदेशीर ठरवली. मात्र मुलांच्या हिताचा आणि उत्पन्नाच्या इतर खात्रीलायक मार्गांचा नीट विचार होत नाही, हेही सांगितले. बायको इथे कितीही कमावती असली तरी इथला पगार त्या 29,000 मध्ये धरत नाहीत. दुकानात किंवा गोदामात राबणाऱ्याला संसारासाठी अशी किंमत मोजावी लागणे मला पटत नाही. पण पटत नाही म्हणून अर्ज अर्धवट भरून चालत नाही.

आणि दोष सगळा तिकडचाच आहे का? सोयरीक ठरवताना आपण मेहर विचारतो, जेवर विचारतो, तिकडे घर स्वतःचे की भाड्याचे तेही विचारतो. नोकरी किती महिन्यांची आणि पगार बँकेत जमा होतो का, हे विचारायला लाजतो. मुलाकडच्यांना राग येईल म्हणून. मग निकाहनंतर मुलगी वर्षानुवर्षे माहेरी बसते आणि लोक तिलाच विचारतात, "अजून बोलावलं नाही का?" निकाहआधीचा एक अवघड प्रश्न या रोजच्या प्रश्नापेक्षा सोपा आहे. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे कागद नीट लावणे म्हणजेच उंट बांधणे.

पत्र येईपर्यंत मुलाचे नव्या नोकरीत सहा महिने उलटून गेले होते. तिने नवा अर्ज करायचे ठरवले, जुना नकार त्यात स्पष्ट लिहिला. एजंट बाजूला केला. निकाल अजून यायचा आहे. यायचा तो येईल, इन्शाअल्लाह चांगलाच येईल. पण परवा ती आली तेव्हा फाइल तिच्या स्वतःच्या हातात होती, आणि कोणत्या पानावर काय आहे ते ती अब्बांना समजावून सांगत होती. मुलींना आपण शाळेत पाठवतो ते यासाठीच ना?